शेपूट

पावडर पॉलिप्रॉपिलीनची,
नळीत भरून दोन्ही टोकांना काचलोकर.
टिचक्या मारमारून बसवली किरीटभाईंनी:
"उतावळ नहि, बेन."

इथं उलटा कारभार.
अनोळखी ती, आत बसलेली;
पाहुणे सगळे ओळखीचे.

मिथेन आला नि गेला, उंबऱ्याला पायही न लावता.
त्याच्यावरून घड्याळ लावायचं.
हेक्झेन थोडा थांबला, हेप्टेन जरा जास्त,
ऑक्टेननं तर चपला काढल्या.
क्लोरोफॉर्म निघता निघेना:
शिखर चढून उतरलं
आणि मागे लांबच लांब शेपूट.

म्हणजे वरच्या थरात कुठेतरी
उन्हानं, हवेनं काही दुखावलंय.
हाताला गुळगुळीतच लागते.

भट्टी पन्नास अंशांवर. नंदेसरीकडून वाऱ्याला वास.
काल किरीटभाई निवृत्त झाले.
सेव-उसळ खाल्ली, हात धुतले, निघाले.
दारातून वळले: हीलियमचा सिलिंडर बंद केला ना?
पुन्हा आले: गळती बघायचं साबणपाणी
खिडकीत ठेवलंय.
तिसऱ्यांदा, स्कूटरच्या किल्लीसाठी.
किल्ली खिशातच होती.

मी पडद्यावरची रेघ बघत बसलेय.
अजून तळाला टेकलेली नाही.