झाकणाचा फोन

मुजावरभाई, ओळखलंत का?
शिमग्याच्या आधी आलो होतो इथंच, पोवई नाक्यावर,
अंगाला डिझेलचा वास घेऊन.
बामणोलीचा लाँचवाला.
ओलं बोट काचेवर टेकलं की भलतंच काहीतरी उघडायचं,
म्हणून तुम्ही हा झाकणाचा काढून दिलात
आणि म्हणालात, कसा चालतो ते येऊन सांगा.

तर सांगतो.

बॅटरी चार दिवस जाते, खरं बोललात.
आकडे ठसठशीत, चष्मा घरी राहिला तरी अडत नाही.
पाचाचं बटण आत बसतं, दोनदा दाबावं लागतं.
फोटोचं विचारू नका.
माझीच लाँच काढली,
पाण्यात म्हैस बसल्यासारखी आली.

आता ते वायफाय कॉलिंग.
आमच्याकडं टॉवर म्हणजे धरणापलीकडचं लग्न,
वाजंत्री ऐकू येते, पंगत मिळत नाही.
उपकेंद्रात मात्र वायफाय आहे.
तिथल्या सिस्टरनी एकेक बटण तीन-तीनदा दाबत
पासवर्ड घालून दिला, त्यात चहा निवला.
मग कोपऱ्यात एकाखाली एक
तीन कमानी उमटल्या.
उंबरापर्यंत आवाज येतो, उंबर ओलांडला की तुटतो.
तिथं मी बसायला दगड ठेवलाय.

पूर्वी लेकीशी बोलायचं तर सड्यावर चढायचं.
एका कानात वारा, एका कानात सारिका.
बरी हाय का?
बरी हाय.
ठेवू?
ठेवा.
एवढ्यावर चार वर्षं निघाली.
दोघंही ओरडायचो,
आणि ओरडून सांगितलेलं माणसाला खरंच वाटतं.

आता दगडावर बसतो, झाकण उघडतो,
तर कोपरखैरण्याची अख्खी खोली माझ्या कानात.
कुकर. शेजारच्या टीव्हीतली भांडणं.
न्हाणीतला नळ,
बादली भरत आली की बारीक होत जाणारा त्याचा सूर.
नळ चालू असतो तोवर ती बोलते.
नळ थांबला की
ठेवते, अण्णा.

पहिल्यांदा काही वाटलं नाही.
पाचव्या-सहाव्यांदा मी तिचं बोलणं सोडून
नळच ऐकायला लागलो.
पाण्यावरचा माणूस आहे मी, भाई,
बादलीत किती जागा उरली ते मला इथून कळतं.

एकदा नळ थांबला आणि तिचं ठेवायचं राहिलं.
जावई म्हणाला, कुणाशी?
एवढंच.
मग बांगड्या वाजल्या,
मग काहीच नाही.
मी फोन कानापासून काढून बघितला.
तिन्ही कमानी जागच्या जागी.
रेंजवर ढकलता येईना.

फोनची तक्रार म्हणाल तर ही एकच.
आवाज स्वच्छ येतो असं म्हणाला होतात,
इतका स्वच्छ, हे नव्हतं सांगितलंत.

सिस्टरला विचारलं, तिनं कागदावर एक नंबर लिहून दिला.
तो खिशात आहे.
लाँच पुतण्याकडं दिलीय,
रात्रीच्या मुंबई गाडीनं निघतोय.
तिच्याकडं फोन आहे हो, मोठा, काचेचा, हप्त्यावरचा,
पण तो असतो त्याच्या खिशात.

म्हणून अजून एक द्या असाच. रंग कुठलाही चालेल.
सिम माझ्या नावावर करा, आधार आणलंय.
हा कागदावरचा नंबर त्यात तुम्हीच घालून द्या,
एक दाबलं की लागेल असा.

फक्त एक बघा.
याचं झाकण मिटताना टप्पकन वाजतं.
मला आवडतं ते,
संध्याकाळी लाँच धक्क्याला लागल्यासारखं.
पण तिच्यासाठी
न वाजणारं असेल का एखादं?