शेवटचा ‘स’

लोरियाँच्या धक्क्यावर बोटी रित्या होतात पहाटे तीनला,
म्हणून आमचा वर्ग गुरुवारी, दिवेलागणीला,
लाँड्रीच्या मागच्या खोलीत.
भिंतीपलीकडे यंत्रं गरगरतात,
अलीकडे आम्ही क्रियापदं पिळत बसतो.

हालिना पहिल्याच आठवड्यात मुकादमाला म्हणाली,
“मी रोज विष कापते.”
प्वासों म्हणजे मासा, प्वाझों म्हणजे विष.
मुकादम हसला तो अजून हसतोच आहे.
हालिना म्हणते, वासावरून फारसं चुकलं नव्हतं.

झरमिनाला चिठ्ठी आली, ‘प्लू’ आणि पुढे ‘खोकी’.
आणखी खोकी, की खोकी बास?
बोलताना शेवटचा ‘स’ वाजला तर आणखी,
गिळला तर संपलं.
कागद कुठे काय वाजवतो!
तिने चाळीस खोकी वर वाहिली,
मग तीच चाळीस खाली.

“आणि पेर्सॉन?” कंबर धरून तिने विचारलं,
“माणूस म्हणजे पेर्सॉन,
आणि कुणीच नाही म्हणजेही पेर्सॉन?”
मी नियम सांगितला, नकार शेजारी असेल तर, वगैरे.
ती परवान्याच्या कचेरीतल्या रांगेबद्दल
काहीतरी पुटपुटली, स्वतःच्या भाषेत.
यजमान आणि पाहुणा या दोघांनाही
आम्ही एकच शब्द वापरतो,
हे त्या दिवशी शिकवायचं मी टाळलं.

गृहपाठ होता: जिवलग माणसाला चार ओळी.
हाब्तोमने लिहिलं कसालात राहिलेल्या मुलीला.
तीन ओळी हवामानाच्या, बिनचूक.
चौथी: ‘ज् त माँक’.

सगळेच इथे पाय घसरून पडतात.
आमच्या वाक्यात आठवण काढणारा मागे बसतो,
जो जवळ नाही तो पुढे.
‘तू मला उणी आहेस’ असं म्हणावं लागतं.
वीस वर्षं मी हीच ओळ खोडते आहे.

“हाब्तोम, याचा अर्थ झाला,
मी तुला उणा आहे.”

वेल्डिंगने पोळलेलं बोट त्याने
एकेका शब्दावर ठेवलं, उचललं.
“निघालो तेव्हा तीन वर्षांची होती,” म्हणाला.
“आता नऊ.”
मग वही माझ्याकडे सरकवत,
“राहू दे, मादाम. हेच विचारायचं होतं.”

पलीकडचं यंत्र थांबलं.
कुणीतरी नाणी शोधत होतं.

मी खोडलं नाही.
ओळीच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह काढलं, लाल,
जरा मोठंच आलं.