विरजण

तुबलीच्या टाकीत पहाटे तीनला हवा सोडतो;
गाळ घुसळतो ताकासारखा.
बहारीनची सगळी दुखणी इथे येतात,
नावगाव टाकून:
परांचीवरच्या कंबरांची डायक्लोफेनॅक,
माझीही, साखरेची, सकाळ-संध्याकाळ.

जुन्या टाकीतलं टँकरभर विरजण
नव्या टाकीला मीच लावलं होतं.
आता डोळ्यांना न दिसणारी ही पंगत
पानात काही टाकत नाही.

फक्त परकारची फिटची गोळी
हुंगून बाजूला सारतात.

परकार मार्चमध्ये दापोलीला गेला,
पेटीतून.
रिपोर्टात ती अजून तेवढीच आहे.
कुणाची तरी.

खजुरांना पाणी सोडलं.
हवा चालूच ठेवलीय.
थोडं उपाशी ठेवलं तर
शिकतील म्हणतात
तेही खायला.