अस्तर

स्लाइडवर नाव नसतं, नुसता आकडा.
पण नोंदवही माझ्याच हाताची.
दोन हजार नऊशे सात म्हणजे
एलेउतेरियो चोक्वे, वय त्रेपन्न, खाणकामगार,
माझा बाप.

जठराच्या अस्तराचा कणीएवढा तुकडा
गुलाबी-जांभळ्यात बुडवून काचेवर ठेवलाय मी.
खिडकीखाली पोतोसीचा शुक्रवार:
कोकाच्या पानांची पोती, सुरुंगाच्या वाती,
आणि शहाण्णव टक्क्यांचं ते पाण्यासारखं दिसणारं,
सगळं एकाच दुकानात, एकाच फळीवर.

पहिला घोट जमिनीला.
दुसरा खाणीतल्या शिंगवाल्या काकाला;
मातीचा आहे तो, त्याच्या ओठांत सिगरेट
आपणच पेटवून खोचायची.
तिसरा आपला.
शुद्ध प्यालं की धातूही शुद्ध निघतो,
असं बाप म्हणायचा.
धातू निघायचा तो जस्त, फार तर जरासं कथील.

सोळाव्या वर्षी, पहिल्या शुक्रवारी,
आत काय झालं असेल ते मला सांगता येतं.
पेशी सोलवटल्या. बारीक शिरा फुटल्या.
रात्रभर ओकला तो,
आणि ओकारी थांबायच्या आधीच
कडेच्या शाबूत पेशी चपट्या होत होत
उघड्या जागेवर सरकत आल्या.
कुणी बोलावलं नव्हतं त्यांना.

पुढच्या शुक्रवारी त्या तयारीत होत्या.
चिकट साय आधीच जाड धरलेली,
शिरा रक्त घेऊन दाराशी उभ्या.
मग तिसरा शुक्रवार, चौथा, चाळिसावा.
उंदरांवर करून पाहिलंय हे:
आधी पातळ पाजलेला उंदीर
कडक पाजल्यावर कमी रक्त सांडतो.
पुस्तकात याला अनुकूलन म्हणतात.
आमच्या घरात त्याला नाव नव्हतं.

आई जाकिटं शिवायची.
पहिल्यांदा त्यानं ताट भिरकावलं
तेव्हा ती ओरुरोला बहिणीकडे गेली, तीन दिवस.
दुसऱ्यांदा परसात जाऊन बसली.
पुढं पत्र्याची ताटं आणली.
पुढं पुढं तर
ताट आदळलं तरी तिचा दोरा
सुईच्या नाकातून सरळ जायचा.
सगळं पोटात घातलं तिनं.
तिचा तुकडा काचेवर ठेवायचं
मला कधी सुचलं नाही.

दुखतं का, डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं.
बाप हसला. पोलाद आहे, म्हणाला.
मी भिंग फिरवते.
पोलाद कुठलं, पीळ पडलेत नुसते;
लांबलेल्या, वाकड्या खाचा,
आणि एका कोपऱ्यात
जठर आपण जठर असल्याचंच विसरून
आतड्यासारखं वागायला लागलंय.
कोडगं झालंय बिचारं.

अहवाल आला: कर्करोग नाही.
सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा.

त्यानं सोडली.
कशामुळे, मला ठाऊक नाही; माझ्यामुळे नसावं.
काकाला आता तो लिंबाचं सरबत देतो.
काका चालवून घेतो म्हणे.

कार्निवलच्या मंगळवारी
घराचे चारी कोपरे शिंपडून झाल्यावर
कुणीतरी त्याच्या हातात टोपणभर दिली.
टोपणभरच.
तो पायरीवर बसला, पोट आवळून,
डोळ्यांत पाणी.
'जळतंय, सेनोबिया,' म्हणाला. 'जळतंय गं.'

आईनं सुई खाली ठेवली.
त्याच्याकडे बघितलं.
आणि ओरडली.
ताटांवरून ओरडली, ओरुरोच्या बसभाड्यावरून,
माझ्या शाळेच्या बुटांवरून,
तेहतीस वर्षांचं एकेक काढून,
इतकी की गल्लीतला बँड वाजायचा थांबला
आणि तुतारीवाला पोरगा
तोंडाशी धरलेली तुतारी घेऊन तसाच उभा.

मी मध्ये पडले नाही.
अस्तराची वरची पेशी जेमतेम चार दिवस जगते.
आज आत जी आहे
तिनं यातलं काहीच पाहिलेलं नाही.