लोकरीचं माप

गुर्जानीच्या रस्त्यालगत, टायरांच्या ढिगामागे
वाझाचं आवार.
इटलीतून आणलेली जुनी यंत्रं तिथे
मुलगी बघायला पाहुणे यावेत तशी
तोंडं धुऊन उभी.

सासूबाईंनी पिशवीतून काढला
लाल लोकरीचा धागा, दोन्ही टोकांना गाठ.
बाग लावली तेव्हा टेप नव्हता घरात.
सासऱ्यांनी पावलं टाकली:
ओळीपासून ओळ, दोन पावलं.
आणि ग्रामितोन होते ठेंगणे.
अकराशे वेली त्यांच्याच पायांच्या मापाच्या,
ते गेल्यावरही चौदा वर्षं
जागा न सोडता उभ्या.
धाग्यात हे अंतर होतं,
दोन्हीकडच्या पानांपुरती जागा वगळून.

चाकाच्या बाहेरून चाकाच्या बाहेरपर्यंत
त्यांनी तो ताणून धरला.
वीतभर कमी पडला.

वाझा म्हणाला, हल्ली सगळेच
एकाआड एक ओळ उपटतात, मावशी.
हिवाळ्याचं सरपणही होतं.
सासूबाई काही बोलल्या नाहीत.
धागा बोटाला गुंडाळत राहिल्या
टोक पांढरं पडेपर्यंत.

गेल्या जूनमध्ये केवडा आला होता बागेवर.
पाठीवर पंप, मोरचुदाचं पाणी,
सोळा दिवसांत पाच फेऱ्या, मी एकटी.
माझा तो सदरा तीनदा उकळला,
अजून निळाच आहे.
म्हणून हा ट्रॅक्टर: अरुंद, नारिंगी,
मागे ब्लोअर, एक दिवा फुटलेला.

पैसे माझे. बारीमधले.
सहा वर्षं तिथे एका म्हाताऱ्याला
उठवलं, बसवलं, रात्री दोनदा कूस बदलून दिली.
शिसवी हाडाचा माणूस, पंच्याण्णव किलो.
त्यांची भाषा मी शिकले औषधांच्या खोक्यांवरून:
जेवणानंतर. उपाशीपोटी. मुलांपासून दूर.
बोलताना अजून अडखळते.
वाचताना नाही.

सीटखाली तेलकट पुस्तिका सापडली.
वाझाच्या लेखी रद्दी.
शेवटच्या कोऱ्या पानांवर आधीच्या मालकाची पेन्सिल,
दर मार्चला एक ओळ:
क्लच बदलला. तेल गळतंय. पुन्हा क्लच.
मीटर म्हणत होता दोन हजार तास,
पेन्सिल म्हणत होती साडेसहा.

मी मोठ्यानं वाचलं, आधी त्यांच्या भाषेत,
मग आपल्या.
वाझानं सिगारेट पेटवली, विझवली,
आईची शपथ घेतली
आणि तीन हजार लारी खाली आला.
(त्याची आई आमच्याच गल्लीत राहते.
तिला बिचारीला यात ओढायला नको होतं.)

मग अठ्ठेचाळिसावं पान.
एक चित्र: चाक, बाण, तेच चाक पालथं.
मागच्या चाकांच्या तबकड्या उलट्या बसवल्या
तर चाकं आत सरकतात,
इकडून अकरा सेंटिमीटर, तिकडून अकरा.
मी पुन्हा वाचलं. पुन्हा.
औषधाचा डोस वाचायचे तसं,
शब्दावर बोट ठेवून.

वाझाचा पोरगा जॅक घेऊन आला.
नट गंजलेले. त्यानं शिव्या दिल्या, डिझेल ओतलं,
पाइप लावून त्यावर उभा राहून नाचला.
सूर्य गोम्बोरीच्या डोंगरामागे गेला तेव्हा
शेवटचं चाक बसलं.

सासूबाईंनी पुन्हा धागा धरला.
आता तो जरासा ढिला,
मध्ये बोटभर झोळ.
त्या झोळाकडे बघत राहिल्या.
मग गाठी न सोडता
धागा पिशवीत ठेवला, पैसे काढले,
थुंकी लावून तीनदा मोजले.

घरी येताना मी चालवत होते,
त्या मडगार्डवर.
खाली अलाझानीच्या खोऱ्यात दिवे लागत होते.
मडगार्डवरच्या पिवळ्या पट्टीवर नख टेकवून
त्यांनी ओरडून विचारलं, काय लिहिलंय गं?
मी ओरडून सांगितलं,
इथे कुणी बसू नये.

बरं, म्हणाल्या,
आणि जरा सावरून,
नीट टेकून बसल्या.