पानदान

शहागंजात मोईनभाईनं तराजूत टाकलं :
पावणेदोन किलो. भाव पितळेचा लावला,
नक्षीचा नाही.
"पोचा फुकट," म्हणाला. हसला नाही.

घरी चिंच लावून घासलं.
वेलबुट्टी उजळली, बिजागरीतला मळसुद्धा निघाला.
आतल्या सात वाट्यांपैकी एकीत मात्र
चुना, दगड झालेला,
आणि त्यात बोट फिरल्याची खाच.
माझी करंगळी कशीबशी बसते तिथं.

बाकी सहांत
बटणं, सेल, रक्तदाबाच्या गोळ्या,
कुठल्याशा कपाटाची किल्ली.
पाहुणे विचारतात, केवढ्याला पडलं?
मी वजन सांगतो.

झाकण लावताना अजून
काताचा वास येतो.
पान मी खात नाही.
"मग ओठांवरून जीभ का फिरवता?"
सुलभा विचारते.