येणं बाकी

लोकरीच्या मोज्यात गुंडाळून आणली होती तिनं,
आजारी पिल्लू आणावं तशी,
मॅगेलनची सामुद्रधुनी ओलांडून, फेरीबोटीत दोन तास
मांडीवर धरून.
पुंता अरेनासला त्या दिवशी वारा असा
की माझ्या दुकानाचं दार तिनं उघडलंच नाही,
दारानंच तिला आत ढकललं.

"टकटक करते," ओविदिया मान्सिया म्हणाली.
"एक रात्र फ्रीजरमध्येही ठेवली, माशांशेजारी.
जावई म्हणाला म्हणून."
जावयाबद्दल मी काही बोललो नाही.

डबीला कान लावला.
टक्. टक्. एक उसासा. टक्.
आतला हात आपली जागा शोधायला निघतो,
सापडत नाही म्हणून मागे फिरतो,
पुन्हा निघतो.

"काय आहे हिच्यात?"
मला वाटलं फोटो. फोटोच असतात नेहमी.
"उधारी," ती म्हणाली. "एकोणीस वर्षांची.
दुकानात पाटी आहे माझ्या: आज उधार नाही, उद्या नक्की.
पण आमच्या गावाचं नावच पोर्वेनीर,
म्हणजे पुढे येणारं.
तिथं रोज उद्याच असतो."

हिला पुन्हा पुन्हा चालू-बंद करायचं नाही, मी सांगितलं.
आधी सहज देईल ते घ्यायचं, सगळं,
दुसऱ्या, धडधाकट डिस्कवर उतरवायचं.
जिथं अडेल तिथं हट्ट नाही, पुढे जायचं.
दुखऱ्या जागी शेवटी यायचं,
तेही हलक्या हातानं.
"गुरांचा डॉक्टर असंच म्हणायचा," ती म्हणाली,
आणि स्टुलावर बसली.

संध्याकाळची बोट वाऱ्यानं रद्द झाली.
तिनं माझ्याच किटलीत पाणी तापवून माते केलं,
एकाच नळीनं आळीपाळीनं प्यालो.
म्हणाली, डिस्क गेल्याचं गावात कळलं तशी
माणसं आपणहून आली,
आपापला आकडा सांगून गेली.
पिशवीतून शाळेची वही काढून दाखवली.
"कुणी कमी सांगितला असेल तर?"
"म्हणून तर आले ना मी."

पहाटे तीनला पडद्यावर नकाशा:
हिरवं बरंच,
मध्येमध्ये लाल, गोवर उठल्यासारखं.
मग मी उलटं वाचायला लावलं, शेवटाकडून सुरुवातीकडे.
का ते नीट सांगता येत नाही मला,
पण समोरून गेलं की जे दातखीळ बसवतं
ते कधीकधी पाठीमागून गेलं की बोलतं.
बोललं. थोडं.
आणि मग टकटकही थांबली.
दुकानात वारा तेवढा उरला.

फाइल उघडली.
काही ओळींना नाव होतं, आकडा नव्हता.
काहींना आकडा होता, नाव नव्हतं.
कुठे नुसतं 'मेणबत्त्या'.
चष्मा लावून, वही शेजारी ठेवून,
ती बोट फिरवत राहिली.
कोण खोटं बोललं ते मला सांगितलं नाही,
फक्त एकदा हसली:
"ह्या वेडीनं दोन हजार जास्तच सांगितलेत!"

मग बोट थांबलं.
एलेउतेरियो बार्रिया.
चार बॅटऱ्या, दोरखंडाचं एक भेंडोळं,
पीचचा डबा.
अकरा हजार सहाशे चाळीस पेसो.
मागचा नोव्हेंबर.

वहीत हे नाव नव्हतं.
खेकडे धरायला गेली होती ती बोट, ती म्हणाली.
दोरखंड नवा होता.
त्याचा आकडा सांगायला कोण येणार?

मी विचारलं, काढून टाकू ही ओळ?
एक बटण.
आयुष्यभर त्या बटणाच्या विरुद्ध काम केलंय मी,
तरी विचारलं.

तिनं पडदा पदराआड घ्यावा तसा
हातानं झाकला.
"राहू दे," म्हणाली.
"त्याचं येणं बाकी आहे."

सकाळी बोट सुटली.
माझं बिल तिनं रोख दिलं,
सुटी नाणी दोनदा मोजून.
मोजा तेवढा विसरली.